तिसरा ठिपका

आमच्या विभागाच्या खोलीत खुर्च्या अकरा आणि माणसं बारा. बारावे म्हणजे 'कशावरून' सर; हे मुलांनी ठेवलेलं नाव. सतरा वर्षं ते आमच्याकडे तासांवर शिकवत होते. म्हणजे वर्गात असतील तेवढा वेळ आमचे, एरवी पाहुणे. कुणी तासाला गेलं की ते त्याच्या खुर्चीत बसायचे आणि तो परत आला की वही आणि डस्टर उचलून दुसरी रिकामी खुर्ची शोधायचे. यावरही ते वर्गात उदाहरण द्यायचे. "अकरा खुर्च्या, बारा माणसं. सगळे एकदम आले तर?" मुलं म्हणायची, "कुणीतरी कुणाच्या तरी मांडीवर बसणार, सर." मग हशा. मला त्यात हसू यायचं नाही, कारण बहुतेक वेळा ते माझ्याच खुर्चीत बसलेले असायचे आणि मी आलो की झटकन उठायचे. "बसा हो" असं मी सतरा वर्षांत एकदाही म्हटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून फार अपेक्षा नकोत.

संगणकाच्या दुसऱ्या वर्षाला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स नावाचा विषय असतो. मुलं नुसतं 'डिस्क्रीट' म्हणतात. वस्तूंचे गट, त्यांच्यातले संबंध, एखादी गोष्ट खरी आहे हे कसं दाखवायचं, असलं सगळं त्यात येतं. मुलांना वाटतं, आपण प्रोग्रॅम लिहायला आलो, हे कुठलं चऱ्हाट वळत बसलेत. मास्तरांनाही मनातून तसंच वाटतं, म्हणून हा विषय नेहमी नव्या माणसाच्या गळ्यात मारतात. सरांच्या गळ्यात मारला तो तिथेच राहिला, आणि त्यांनी तो दागिन्यासारखा वागवला.

नाव पडलं ते त्यांच्या सवयीमुळे. फळ्यावर कुणी एक ओळ लिहिली की मागून आवाज यायचा, "कशावरून?" मुलगा गडबडायचा, पुसायचा. "पुसू नको. चूक म्हटलं नाही मी. कशावरून, एवढंच विचारलं." एका पोरानं पोट दुखतंय म्हणून घरी जायची परवानगी मागितली, तर त्यालाही कशावरून. मग स्वतःच हसले आणि त्याला रिक्षापर्यंत सोडून आले. आम्ही बाकीचे पाट्या टाकत होतो, हे त्यांच्या वर्गावरून जाताना कळायचं. आमच्या तासाला मुलं लिहून घेत. त्यांच्या तासाला मुलं भांडत.

गेल्या वर्षी दुसऱ्या यादीतून प्रवेश मिळालेली एक मुलगी महिनाभर उशिरा आली. तोवर प्रोजेक्टचे चार-चार जणांचे गट ठरून गेले होते आणि तिला कुणी घेईना. सर त्या दिवशी संबंध शिकवत होते. त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'एकाच गटात असणे.' मग विचारलं, "मी तुझ्या गटात असलो, तर तू माझ्या गटात आहेस ना?" हो. याला म्हणतात सिमेट्रिक. "मी तुझ्या गटात, तू हिच्या गटात, तर मी हिच्या गटात?" हो. हे ट्रान्झिटिव्ह. "आता सांगा, प्रत्येक जण स्वतःच्याच गटात असतो की नाही?" सगळे म्हणाले, असणारच, सर, त्यात काय! याला रिफ्लेक्झिव्ह म्हणतात. सर शेवटच्या बाकाकडे वळले. "बाळ, तुझा गट कुठला?"

"मला गट नाही, सर."

"मग तू तुझ्या स्वतःच्या गटात आहेस का?"

तिनं फळ्यावरची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "गटच नाही, तर त्यात मी तरी कशी असेन?"

सर खुश झाले. त्यांनी फळ्यावर तीन ठिपके काढले, दोन एकमेकांना जोडले, तिसरा तसाच ठेवला. पहिले दोन नियम पाळूनही तिसरा नियम मोडतो, कारण एखादा असा असू शकतो ज्याचा कुणाशीच संबंध नाही. "ही एक मुलगी वर्गात आली आणि तुम्हा सगळ्यांचं 'असणारच' खोटं ठरलं," ते म्हणाले. त्याच दुपारी दोन गटांनी तिला आपल्यात बोलावलं. हे सगळं मला त्यांनीच माझ्या खुर्चीत बसून सांगितलं, आणि मी उभ्या उभ्या ऐकलं, कारण मला खुर्ची हवी होती आणि त्या दिवशी बोलण्याच्या भरात त्यांच्या ते लक्षातच येत नव्हतं.

आता साहेबांविषयी. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांनी याच विषयाचं एक पुस्तक लिहिलं आहे, चौदावी आवृत्ती चालू आहे. शेवटी 'हमखास येणारे प्रश्न' असं प्रकरण, आणि त्यातले प्रश्न हमखास येतात, कारण परीक्षेचा पेपरही साहेबच काढतात. चौदाव्या आवृत्तीत लेखक म्हणून माझंही नाव आहे. मी आकृत्या काढल्या. पुस्तकावर नाव असलं की बढतीला गुण मिळतात. साहेबांनी विचारलं, मी नाही म्हटलं नाही. ते पुस्तक मी आकृत्यांपुरतंच वाचलं होतं, हीही गोष्ट खरी.

त्या सत्राच्या पेपरात आठ गुणांचा प्रश्न आला: सिद्ध करा की सिमेट्रिक आणि ट्रान्झिटिव्ह असलेला प्रत्येक संबंध रिफ्लेक्झिव्ह असतोच. पुस्तकात याची चार ओळींची सिद्धता आहे. समजा क चा ख शी संबंध आहे. मग ख चा क शी आहे. क पासून ख, ख पासून पुन्हा क. म्हणून क चा क शी आहे. झालं सिद्ध. वाचायला इतकं गुळगुळीत की कुणाला अडखळायला होत नाही. पण पहिल्याच ओळीत ख आणून बसवलेला आहे, आणि क ला असा कुणी ख मिळेलच, हे कुणी सांगितलं?

दीडशेहून जास्त मुलांनी त्या चार ओळी घोकून उतरवल्या. सातांनी लिहिलं की विधान चूक आहे. त्या सातांत ती मुलगी होती. तिनं तीन ठिपके काढले होते आणि खाली लिहिलं होतं, "उदा. वर्गात नुकतीच आलेली विद्यार्थिनी." पेपर तपासायला सर होते. त्यांनी सातांना आठपैकी आठ दिले आणि साहेबांना चिठ्ठी लिहिली: प्रश्नच चुकीचा आहे, मुलांचा दोष नाही, तरी सर्वांना आठ गुण द्यावेत.

बिचाऱ्यांनी सगळ्यांचं भलं होईल असाच तोडगा काढला होता. पण प्रश्न चुकला म्हणायचं तर पुस्तक चुकलं, आणि तेही चौदा वेळा चुकलं, म्हणावं लागणार होतं. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी मला बोलावलं. मी त्या पेपरांचा मॉडरेटर होतो, म्हणजे तपासलेले पेपर पुन्हा तपासणारा. मॉडरेटरला हिरवं पेन असतं.

"नमुना उत्तरात जे आहे त्याप्रमाणे बघा," साहेब म्हणाले. "बाकी तुम्ही सुज्ञ आहात."

मी सुज्ञ होतो. सात पेपरांवर हिरव्या पेनानं शून्यं काढली. सहा जण त्याशिवायही पास झाले. मुलीचे त्रेचाळीसचे पस्तीस झाले. पासाला चाळीस लागतात. आणि वसतिगृहाचा नियम असा की विषय राहिला की खोली गेली. तिचं घर दोन बस बदलून अडीच तासांवर.

निकालाच्या कागदावर तपासणारा आणि मॉडरेटर, दोघांच्या सह्या लागतात. मी केली. सरांनी केली नाही. आणि नेमकी त्याच महिन्यात, सतरा वर्षांत पहिल्यांदा, विभागात कायमची एक जागा निघाली होती. वयाची अट पन्नास. सर एकोणपन्नासचे. मुलाखतीला आठ दिवस होते आणि समितीवर साहेब होते. काय पणाला लागलंय, हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

रविवारी सकाळी साहेबांच्या सांगण्यावरून मी सरांच्या घरी गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी स्वतः रंग देऊन केलेला काळा फळा, त्यावर त्यांच्या मुलीची बारावीची गणितं. वहिनी औषधाच्या दुकानात काउंटरवर असतात. त्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी चहा आणला आणि आत गेल्या नाहीत, तिथेच बसल्या.

"सर, एका सहीचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला ती सिद्धता पटते का?"

"पटण्याचा प्रश्न नाहीये हा."

"मग कशाचा आहे?"

मी चहा प्यायलो. उत्तर वहिनींनी दिलं, आणि ते मला नव्हतं. "अहो, सतरा वर्षं मी माहेरी सांगतेय, यंदा होईल. आईला सांगत होते, ती गेली. आता भावाला सांगते, तो ऐकून घेतो. तुमचं बरोबरच असेल हो. तुमचं नेहमीच बरोबर असतं. पण ती मुलगी सहा महिन्यांनी परत बसेल परीक्षेला. तुम्हाला परत बसायला मिळणार आहे का?"

सर खाली बघत होते. आतल्या खोलीतून मुलगी म्हणाली, "आई, पुरे ना." मला वाटलं, झालं, काम फत्ते. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं.

पण सर मला सोडायला जिना उतरून खाली आले आणि फाटकापाशी माझा हात धरला. त्यांनी कधी कुणाचा हात धरलेला मी पाहिला नव्हता. "उद्या विभागाची मीटिंग आहे," ते म्हणाले. "मी एकटा बोललो तर तो माझा हेका ठरेल. तुम्ही फक्त एक वाक्य म्हणा. प्रश्न चुकीचा आहे, एवढंच. तुमचं नाव पुस्तकावर आहे, तुम्ही म्हटलंत तर त्यांना ऐकावंच लागेल. मग सगळ्यांना आठ गुण देऊन टाकू, मी सही करतो, कुणाचं काही बिघडत नाही. म्हणाल?"

"म्हणतो," मी म्हटलं. आणि म्हणणारही होतो. निदान घरी पोचेपर्यंत तरी.

मीटिंगमध्ये अकरा जण बसले आणि सर उभे राहिले. त्यांनी फळ्यावर तीन ठिपके काढले, दोन जोडले आणि अगदी शांतपणे, पहिल्यांदाच शिकणाऱ्याला सांगावं तसं समजावलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, या तिसऱ्या ठिपक्याचा कुणाशी संबंधच नाही, तर तो घेतलाच कशाला तुम्ही?"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. विनोद चांगला होता, आणि साहेबांचा होता.

"हे हसण्यावारी नेऊ नका," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा."

दहा जण माझ्याकडे बघत होते. साहेब बघत नव्हते. ते पेनाचं टोपण लावत होते. एक वाक्य होतं. तीन शब्दांचं. मी म्हटलं, "मी नमुना उत्तराप्रमाणे तपासलंय, सर." सर क्षणभर थांबले, एखाद्या मुलाला फळ्यावर वेळ द्यावा तसे. मग त्यांनी तिन्ही ठिपके पुसले, हात झटकले आणि खोलीबाहेर गेले.

सही त्यांनी शेवटपर्यंत केली नाही. मला वाटलं होतं, निकाल अडेल, वर चौकशी होईल, काहीतरी होईल. काही झालं नाही. कार्यालयातल्या कारकुनानं सांगितलं, तपासणारा उपलब्ध नसेल तर विभागप्रमुख त्याच्याकरिता सही करू शकतात, तसा शिक्काच आहे. साहेबांनी 'करिता' असा शिक्का मारून सही केली. दोन मिनिटांचं काम. ज्या सहीवर सरांनी सगळं आयुष्य लावलं, तिच्यावाचून कुणाचंच अडलं नव्हतं. हे त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. मी नाही सांगितलं.

मुलाखतीला ते गेले. इस्त्रीचा शर्ट, सगळी प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. आत सहा मिनिटं होते. गणितातलं एक अक्षर विचारलं नाही. सहकाऱ्यांबरोबर जुळवून घेता येतं का, असं विचारलं म्हणे. आठवड्यानं फलकावर कागद लागला: योग्य उमेदवार आढळला नाही. नवं सत्र सुरू झालं तेव्हा त्यांच्या तासांचं पत्रही निघालं नाही.

वही न्यायला ते एकदा आले होते. मी तेव्हा खुर्चीत होतो. मी उठलो, पहिल्यांदाच. "बसा ना, सर."

"नको. जायचंय." त्यांनी कपाटातली वही काढली, चाळली. मग म्हणाले, "चौदावी आवृत्ती पाहिली मी. आकृत्या सुबक आहेत तुमच्या. एकही ठिपका सुटा नाही. तुम्ही 'म्हणतो' म्हणालात, तेव्हाच मी 'कशावरून' विचारायला हवं होतं तुम्हाला." आवाजात राग नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं झालं असतं. आता ते एका प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्ये शिकवतात. तिथे एका प्रश्नाला चाळीस सेकंद मिळतात, आणि का ते विचारायचं नसतं. वहिनी मला औषधाच्या दुकानात दिसतात. पुडी बांधून देतात, बोलत नाहीत.

डिस्क्रीट माझ्या गळ्यात आलं. पुस्तकावर नाव आहे, म्हणजे विषय येत असणारच, असं साहेब म्हणाले. मी पुस्तक उघडून शिकवतो. मुलं लिहून घेतात, वर्ग शांत असतो, व्हरांड्यातून प्राचार्य गेले तर खुश होतात.

ती मुलगी या सत्रात राहिलेला विषय घेऊन माझ्या वर्गात आहे. पहिल्या बसनं निघते, तरी दहा मिनिटं उशीर होतोच. मी हजेरी लावून टाकतो, तेवढं करतो. गेल्या मंगळवारी ते प्रमेय आलं. टाळता आलं असतं, एखादं पान उलटायला किती वेळ लागतो. पण साहेब याही वर्षी पेपर काढणार आहेत आणि प्रश्न हमखास आहे. टाळलं असतं तर मुलांचंच नुकसान, असं मी स्वतःला समजावलं. मी वर्गाकडे पाठ केली आणि चार ओळी लिहिल्या. लिहिताना पाठीला कान फुटले होते. ती बोलेल असं वाटत होतं. बोलली असती तर मी काय केलं असतं, खरंच सांगता येत नाही, पण मला ती बोलायला हवी होती. तिच्याशिवाय त्या वर्गात कुणाला ते ठाऊकच नव्हतं. एक मी सोडून.

"काही शंका?" मी वळून विचारलं. इतक्या वेळा विचारलं की एका मुलानं घड्याळ बघितलं.

कुणाला शंका नव्हती. ती खाली मान घालून पट्टीनं ओळी आखत होती.

तास संपल्यावर ती वही घेऊन टेबलापाशी आली. तिनं वही माझ्यापुढे ठेवली. चारही ओळी जशाच्या तशा, सुवाच्य. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "सर, इथे 'म्हणून' लिहिलं नाही तर गुण कापतात का? नमुना उत्तरात आहे, असं मागच्या वेळी कुणीतरी म्हणत होतं."

"अर्धा कापतात," मी म्हटलं.

तिनं पेन काढलं आणि तिथेच उभ्यानं लिहून टाकलं.